वळण ओलांडेपर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय दाजी,
सप्रेम नमस्कार.

आज सकाळी मी चहा न घेताच घराबाहेर पडलो आणि टेलरमास्तरांच्या घरी गेलो. तिथं जे केलं ते तुम्हाला आवडणार नाही. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य बोलू देत नाही. ताई म्हणते तो तुमचा दोष नाही, दुकानाचा आहे. म्हणून लिहितोय.

मास्तर जाऊन वर्ष होत आलं. प्रार्थनाघरामागच्या गल्लीत, उतारावरचं शेवटचं घर त्यांचं. काकू एकट्याच राहतात. पुढची खोली, जिथं मास्तर कपडे बेतायचे, ती त्यांना भाड्यानं द्यायचीय. पण कापड बेतायचं टेबल अर्धी खोली अडवून बसलंय, म्हणून ते विकायला त्यांनी मला बोलावलं होतं.

टेबल फिकट निळ्या रंगानं रंगवलेलं आहे. का, ते काकूंनीच सांगितलं. मूळ लाकूड काळपट. त्यावर काळं कापड पसरलं की कात्री कुठं चाललीय ते मास्तरांना दिसेना. एका रविवारी त्यांनी रंगाचा डबा आणला आणि सगळं रंगवून टाकलं. एक पाय हलतोय. मी खाली वाकलो, कडेच्या आतल्या बाजूला पटाशीच्या टोकानं नखाएवढी जागा खरवडली आणि वास घेतला. दाजी, शिसव आहे. जुनं, चांगलं मुरलेलं, आणि फळ्या अशा रुंद की आता बघायलाही मिळत नाहीत.

आपली पद्धत तुम्हीच घालून दिलेली. मी मालावर हात फिरवायचा आणि चष्मा काढून पुसायचा. तेवढ्यावरून माल चांगला आहे हे तुम्ही ओळखायचं आणि नाक मुरडायला सुरुवात करायची. "पाय हलतोय, कीड लागलीय, जळणात घालायच्या लायकीचं आहे, केवळ तुमच्याकडे बघून नेतो." मग माल गाडीत चढवायचा, आणि गल्लीचं वळण ओलांडेपर्यंत कुणी हसायचं नाही. वळण ओलांडलं की तुमची थाप माझ्या मांडीवर.

आज मी चष्मा पुसला आणि नाक मुरडायला तुम्ही नव्हता. काकूंनीच विचारलं, "कीड लागलीय का हो?" नुसतं 'हं' म्हणालो असतो तरी काम झालं असतं.

गावच्या शाळेत रविवारी बाकं मागं सरकवून प्रार्थना व्हायची, हे मी तुम्हाला सांगितलंय. गुरुजी आमच्याकडून बायबलातली शलमोन राजाची वचनं पाठ करून घ्यायचे. खोटा तराजू देवाला खपत नाही, हे वचन सगळ्यांना ठाऊक असतं. ते विकणाऱ्याला लागू, असं म्हणून आपण घेणारे सुटतो. पण घेणाऱ्यासाठीही एक आहे. घेताना तो म्हणतो, वाईट आहे, वाईट आहे. आणि घेऊन वाटेला लागला की फुशारकी मारतो. हे म्हणताना मला हसू फुटायचं. गुरुजी म्हणायचे, "आज हसून घे. एक दिवस हे वचन तुला रस्त्यात गाठेल." आज त्यानं मला टेबलाखाली वाकलेला असताना गाठलं.

मी म्हणालो, "कीड नाही काकू. हे शिसव आहे. तुम्ही समजताय त्याच्या कितीतरी पट याची किंमत येईल." आणि आपल्याला जो भाव परवडेल तो सरळ सांगून टाकला. त्यात आपलाही नफा आहे, नेहमीइतका नाही.

काकूंनी माझ्याकडे पाठ केली. टेबलावरची मोठी कात्री उचलून त्यांनी कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "विचार करून सांगते." त्यांना भरून आलं असावं. मी निघालो.

आता तुम्ही रागवा. ताईला नमस्कार.

तुमचा,
मेव्हणा

---

९ फेब्रुवारी

प्रिय उपदेशक महाराज,

पत्र मिळालं. ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शाळेतही असाच होता, मार खाल्ल्यावर गुरुजींच्या हाताला लागलं का म्हणून विचारायचा." आता यावर मी वेगळं काय बोलू?

अरे, घेणाऱ्यानंच मालाची स्तुती केली तर विकणाऱ्यानं काय करायचं, नाक मुरडायचं? बाजार म्हणजे दोघांचं नाटक असतं. तो चढवून सांगतो, आपण उतरवून सांगतो, मधे कुठंतरी गाठ पडते. त्याला तू खोटं म्हणतोस. मग उद्यापासून मीही गिऱ्हाइकाला सांगतो, साहेब, या खुर्चीचा मागचा पाय आमच्या मेव्हण्यानं काल नवीन बसवलाय. चालेल?

(तू म्हणशील चालेल. म्हणून उत्तर देऊ नकोस.)

इथं नवीन दुकानाचं भाडं दर महिन्याला दारात उभं असतं. ते वचनं ऐकत नाही. तुझ्या घरात अजून खोक्यांवर फळी टाकून जेवतात आणि तू दुसऱ्यांच्या टेबलाचं मोल सांगत फिरतोस. सुताराच्या घरी मोडकी खुर्ची म्हणतात ती तुमच्याकडे बघूनच. तुझ्या वडिलांनी ठेवलेल्या त्या शिसवीच्या फळ्या निदान मला तरी दे म्हणून किती वर्षं मागं लागलोय. त्यांचं तू टेबल करणार नाहीस आणि मला विकूही देणार नाहीस.

असो. झालं ते झालं. काकूंकडे आता पुन्हा जाऊ नकोस. पाठीमागं लागलं की भाव चढतो. तू रंधा चालव, तोंड मी चालवतो. हीच आपली वाटणी होती आणि तीच बरी होती.

तुझा,
दाजी

---

२० फेब्रुवारी

प्रिय दाजी,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही नको म्हणालात तरी काल मी काकूंकडे गेलो. निरोप आला नाही म्हणून काळजी वाटली. त्यांनी दार अर्धंच उघडलं. त्या अर्ध्या दारातून मला पुढची खोली दिसली. टेबल नव्हतं. फरशीवर पायांच्या जागी चार स्वच्छ चौकोन तेवढे उरले होते.

"गेलं ते," काकू म्हणाल्या.

"कुणी नेलं?"

"बाहेरगावचा होता एक टोपीवाला. खरं बोलणारा माणूस. आल्या आल्या सांगितलं, पाय गेलाय, आत पोखरलंय, रंगाखाली काय असेल देव जाणे. बिचाऱ्यानं जळणापेक्षा थोडं जास्तच दिलं."

मी म्हणालो, "काकू, मी तुम्हाला त्याच्या कितीतरी पट सांगितलं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला माझे हात कुठं ठेवावेत कळेना. म्हणाल्या, "म्हणूनच तर. मास्तर सांगायचे, घेणारा गोड बोलायला लागला की पिशवी घट्ट धरायची. तुम्ही आलात, टेबलाखाली शिरलात, काहीतरी खरवडलंत, हुंगलंत, आणि एवढे पैसे देतो म्हणालात. मला रात्रभर झोप नाही. म्हटलं, टेबलाच्या नावानं हा कशावर तरी सही घेईल, घर जाईल. जो आला त्याला देऊन मोकळी झाले."

दाजी, मला वाटलं होतं त्यांना भरून आलंय. त्या घाबरल्या होत्या. कात्री कपाटात ठेवली तीही मला घाबरूनच की काय, कोण जाणे.

घरी येताना वाटेत थांबून थांबून विचार केला. आपण घेणाऱ्यांनी इतकी वर्षं इतकं खोटं बोलून ठेवलंय की खरं बोलणारा आला तर तोच चोर वाटतो. त्यात काकूंची काय चूक? आपणच हा रस्ता असा करून ठेवलाय की त्यावर सरळ चालणारा माणूस लंगडा दिसावा.

शेजारचा इस्त्रीवाला म्हणाला, गाडीत पुढे एक बाईही बसली होती. त्या टोपीवाल्याची बायको असेल. त्याचं भलं होवो, असं मनापासून म्हणवत नाही. तरी म्हणतोय.

पुढची खोली काकू पुढच्या महिन्यात कुणालातरी देणार आहेत. टेबलाचे आणखी पैसे आले असते तर खोली द्यावी लागली नसती, हे त्या बोलता बोलता बोलून गेल्या. 

तुमचा,
मेव्हणा

---

२६ फेब्रुवारी

प्रिय मेव्हण्या,

घाईत आहे. ताडपत्रीत बांधून एक टेबल पाठवतोय. जुनाच माल, बरेच दिवस पडून होता. वरचा रंग पूर्ण काढ, पाय घट्ट कर, नेहमीचं पॉलिश. गिऱ्हाईक ठरलेलं आहे, थांबणार नाही. बाकी कामं बाजूला ठेव.

टेलरमास्तरांचं टेबल गेलं ते डोक्यातून काढ. सुटला तो मासा मोठा. असल्या गोष्टी आपल्या धंद्यात चालायच्याच.

ताई ठीक आहे. तिला लिहायला वेळ नाही.

दाजी

---

१ मार्च

दाजी,

ताडपत्री सोडली. निळा रंग दिसला तेव्हा म्हटलं, निळ्या रंगाची टेबलं जगात पुष्कळ असतील. मग खाली वाकलो. कडेच्या आतल्या बाजूला नखाएवढी खरवडलेली जागा आहे. पटाशीची खूण ज्याची त्याला ओळखू येते. ती माझी आहे.

फटीत मास्तरांची एक सुई अजून अडकलेली आहे.

मी रंग काढलेला नाही. टेबल कारखान्याच्या मधोमध उभं आहे आणि मी त्याच्याभोवती दुसरी कामं करतोय. दोनदा त्याला अडखळलो.

तो टोपीवाला कोण, हे तुम्ही मला सांगावं. मला ठाऊक आहे. तरी तुमच्याकडून ऐकायचंय.

मेव्हणा

---

७ मार्च

प्रिय मेव्हण्या,

मीच तो. टोपीही माझीच, तुझ्याच बायकोनं गेल्या वर्षी विणून दिलेली.

आता ऐक. मी चोरी केली नाही. धमकावलं नाही. काकूंनी भाव सांगितला, मी त्याहून वर टाकून दिले. दोघंही राजी. हा सौदा कुठल्याही बाजारात सरळच म्हणतील. घरही तूच सांगितलंस, उतारावरचं शेवटचं. तू लिहिलंस तेव्हा वाटलं, हा आता हातचं घालवणार, आणि दुसरा कुणीतरी नेणारच आहे, मग आपण का नको? त्या दिवशी तुझ्या दारावरून गेलो आणि थांबलो नाही, हे मात्र चुकलं. ते कबूल.

तू म्हणशील, कीड नसताना कीड आहे म्हणालास. मी 'आत पोखरलं असेल' म्हणालो. असेल म्हणालो.

हे टेबल ज्यांना दाखवायचंय ते फार मोठं गिऱ्हाईक आहे. ते एकदा दुकानात आले की त्यांच्या ओळखीचे दहा येतात. नवीन दुकान तग धरेल की नाही, ते या एका गिऱ्हाइकावर आहे. आणि दुकान गेलं तर तुझ्या कारखान्याला काम कोण देणार, याचाही विचार कर. तुझ्याकडे येणारी प्रत्येक खुर्ची माझ्या दुकानातून येते.

तेव्हा स्पष्ट लिहितो. टेबल पॉलिश होऊन आलं तर हे पत्र फाडून टाक, मीही तुझं फाडतो, आणि पुन्हा विषय नाही. ते काकूंकडे परत गेलं, तर तुझी माझी भागीदारी तिथंच संपली. ताईचा भाऊ म्हणून घर तुला उघडं राहील. दुकान नाही.

दाजी

(खाली ताईच्या अक्षरात)

धाकट्या,

हे पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून खाली लिहितेय. त्यांना सांगितलेलं नाही.

गाडीतली बाई मी. मला म्हणाले, वाटेत एक टेबल उचलायचंय, पाच मिनिटं बस. कुणाचं ते मी विचारलं नाही. तुझं पत्र मोठ्यानं वाचत होते आणि इस्त्रीवाल्यापाशी थांबले, तेव्हा खात्री पटली.  त्यांनी उरलेलं पत्र मनात वाचलं.

तू त्यांच्याबद्दल काय विचार करत असशील ते मला कळतं. म्हणून एकच गोष्ट सांगते. टेबल चढवून गाडी निघाली. वळण आलं. मी वाट बघत होते, आता मांडीवर थाप मारतील, जोक करतील. वळण ओलांडलं, मोठा रस्ता लागला, पूल गेला. हे हसले नाहीत.  घर येईपर्यंत टोपी काढून मांडीवर धरून बसले होते.

काय करायचं ते तू ठरव. मी कुणाच्याच बाजूनं लिहीत नाही. मला दोघंही हवेत.

तुझी ताई

---

१६ मार्च

प्रिय दाजी,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. आधी काम पुरं केलं, मग लिहायला बसलो.

टेबल तुम्ही दाम देऊन घेतलेलं, म्हणजे तुमचं. तुमची वस्तू तुम्हाला न विचारता दुसऱ्याला देणं हेही शास्त्रात बसत नाही, आणि कितीही चांगल्या हेतूनं केलं तरी बसत नाही. यावर मी बरेच दिवस अडून होतो. रोज सकाळी गुडघे टेकायचो आणि उठताना तिथंच असायचो, जिथं टेकताना होतो. मग एका सकाळी प्रार्थना चालू असताना माझी नजर माळ्यावर गेली. प्रार्थनेत नजर भटकू नये, पण त्या दिवशी बरं झालं.

वडिलांच्या फळ्या माळ्यावरून काढल्या. सगळ्या. परवा गाडीवाल्याबरोबर तुमच्याकडे रवाना केल्यात, हे पत्र पोहोचायच्या आधी पोहोचतील. तुम्ही त्यांना कितीदा हात लावून बघितलाय, त्यामुळे त्या काय आहेत हे मी सांगायला नको. टेबलाच्या बदल्यात त्या घ्या. मोठ्या गिऱ्हाइकाला त्यांचं नवं टेबल करून द्या. सुतार मीच हवा असेन तर मी करीन. दुसरा हवा असेल तर त्याला सांगा, मधल्या फळीत एक गाठ आहे, तिथं रंधा उलट्या बाजूनं धरायचा. आणि गिऱ्हाइकालाही त्या गाठीचं सांगा.

आमच्याकडे खोक्यांच्या फळीवर जेवण नेहमीसारखंच लागतं. माझी बायको म्हणाली, "माळा रिकामा झाला, आता तिथं लोणच्याच्या बरण्या ठेवते." तिला वाईट वाटलं असेल, पण तिनं मला ते दिसू दिलं नाही.

फळ्यांची गाडी तुमच्याकडे निघाली, आणि मगच टेबलाला हात लावला. पाय घट्ट केला. रंग तसाच ठेवला. तो मास्तरांनी लावलेला होता, तो काढायचा हक्क आपला नाही. सुईही होती तिथंच ठेवली.

आज सकाळी टेबल घेऊन गेलो. काकूंनी पुन्हा अर्धं दार उघडलं. मागं गाडीवर टेबल बघून त्या म्हणाल्या, "आता काय? परत घ्यायला लावताय? पैसे खर्च झाले."

"परत मागायला नाही आलो. द्यायला आलोय."

"त्या टोपीवाल्यानं पाठवलं?"

दाजी, इथं मी क्षणभर थांबलो. हो म्हणालो असतो तर तुमची अब्रू राखली गेली असती, आणि तेही एक खोटंच झालं असतं. मी म्हणालो, "तो माझ्या बहिणीचा नवरा. आम्ही दोघं एकाच धंद्यात आहोत. त्यानं जे सांगितलं ते खरं नव्हतं, मी जे सांगितलं ते खरं होतं. त्याचं त्याला मी दुसरं दिलंय. हे तुमचं आहे."

काकूंनी दार पूर्ण उघडलं नाही. "तुम्ही दोघं नातेवाईक. एक वाईट म्हणतो, एक चांगलं म्हणतो. मला कसं कळावं कोण खरा?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणालो. "मला विकू नका, त्यालाही विकू नका. बाजारातल्या दुकानदारांना एकेक करून बोलवा. जो सगळ्यात जास्त नावं ठेवील, त्याला सगळ्यात जास्त कळलंय असं समजा. आणि तो जो भाव सांगेल, त्यावर मान हलवून नाही म्हणा. मग बघा तो परत येतो की नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग गाडीवरच्या टेबलाकडे. आणि म्हणाल्या, "मास्तरांना हे कळलं असतं तर त्यांनी रंग दिला नसता."

"दिला असता," मी म्हणालो. "त्यांना कात्री दिसायला हवी होती."

तेव्हा त्यांनी दार उघडलं. गाडीवाल्यानं आणि मी टेबल आत नेलं. फरशीवरचे चार चौकोन अजून तसेच होते, पाय बरोबर त्यांवर टेकवले. पाय हलतो का म्हणून काकूंनी टेबल दोन्ही हातांनी हलवून बघितलं. हललं नाही. आभारबिभार काही मानले नाहीत. कपाट उघडलं, मोठी कात्री काढली आणि टेबलावर तिच्या जागी ठेवली.

तुमची अट माझ्या लक्षात आहे. टेबल काकूंकडे परत गेलं. तेव्हा तुमच्या दुकानातून आता खुर्ची आली नाही तर मी विचारणार नाही, की का आली नाही. आली तर मात्र मागच्या पायाचं गिऱ्हाइकाला सांगावं लागेल. तुम्ही म्हणाला होता, उत्तर देऊ नकोस. हे उशिरानं देतोय.

ताईला सांगा, तिचा भाऊ तुमच्याबद्दल वाईट विचार करत नाही. का, ते तिला ठाऊक आहे.

येताना गाडी रिकामी होती. मी गाडीवाल्याशेजारी बसलो. उतार संपला, वळण आलं, ओलांडलं, आणि मला हसू आलं. आवरेना. गाडीवाला म्हणाला, "रिकाम्या गाडीनं जाताना हसणारा माणूस आज पहिल्यांदा बघितला."

तुमचाच,
मेव्हणा